दाखल्यातले दोन ळ

नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळ्यांचे तपास केले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि आठवलं की आरोपीपेक्षा मला स्वतःचाच जास्त राग येतो. निवृत्त माणसं आठवणी सांगायला बसली की त्यात बहुधा ती स्वतः फार शहाणी असतात. या तपासात मी निम्म्या वाटेपर्यंत मूर्ख होतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वेळी मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढे ठेवली, की मी टपाल घेऊन बसायचो. त्या दिवशी टपालात एका सरकारी कार्यालयाचं पत्र होतं आणि त्याला एक निनावी अर्ज जोडलेला होता. अर्ज संगणकावर टाइप केलेला, जेमतेम दहा ओळींचा. सुरगाणा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातली परिचारिका शाळा सोडल्याच्या बोगस दाखल्यावर नोकरीला लागली आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याच शाळेचे दाखले असलेले आणखी चार कर्मचारी नोकरीत आहेत, त्यांच्या दाखल्यांशी हिचा दाखला ताडून पाहावा, म्हणजे खरं काय ते कळेल, असंही लिहिलं होतं.

निनावी अर्जात बहुतेक वेळा शिव्या जास्त आणि माहिती कमी असते. या अर्जात एकही शिवी नव्हती. उलट तपास कसा करायचा तेही पोलिसांना शिकवलं होतं. मला तिथेच शंका यायला हवी होती. मी मात्र खूश झालो, की काय नेमकी खबर आहे!

शाळा डोंगरातली, खासगी, केव्हाच बंद पडलेली. मुख्याध्यापक वारले होते. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ज्यात असते ते जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. म्हणजे ताडून पाहायला कागदांशिवाय काही उरलं नव्हतं. मी पाचही मूळ दाखले मागवले आणि टेबलावर ओळीने मांडले.

चार दाखले अगदी एकसारखे. अक्षरं रेखीव, ओळी सरळ, दोन शब्दांतलं अंतर सारखं. पाचवा, त्या परिचारिकेचा, निराळाच. कुठे शाई दाट तर कुठे फिकी, एखादं अक्षर किंचित खाली बसलेलं. आणि सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे त्यातला ळ. 'शाळा सोडल्याचा दाखला' या मथळ्याखालच्या पहिल्या काही ओळींत ळ एका घडणीचा होता आणि खालच्या ओळींत दुसऱ्या घडणीचा, जरा जाड, पोटाने गोल. एकाच छापील कागदावर दोन जातींचे ळ. पाचही दाखल्यांच्या तळाशी जुन्या नाशकातल्या एका छापखान्याचं नाव बारीक अक्षरात होतं. मी हिशेब केला, चार एकीकडे, एक दुसरीकडे, म्हणजे एक खोटा. कागद शासकीय प्रयोगशाळेकडे पाठवून वाट पाहणं रीतसर झालं असतं. पण अहवालाला महिने लागतात आणि मला माझ्या डोळ्यांवर फार भरवसा होता.

मी महिला कर्मचाऱ्यासह पथक पाठवलं. आरोग्य केंद्रात ओपीडी चालू होती. बायका लेकरं घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्यादेखत त्या बाईला गाडीत बसवून नाशिकला आणलं गेलं. चौकशी सुरू झाल्याचं माझं पत्र गेलं आणि आठवडाभरात तिचं निलंबन झालं.

चाळिशीच्या आतबाहेरची, अंगाने किरकोळ, पण खुर्चीत ताठ बसणारी बाई होती. पाड्यावरून शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच मुलगी. वडील नागली-भाताच्या दोन तुकड्यांवर राबून वर्षातले काही महिने बाहेरगावी मजुरीला जायचे, तेव्हा ही शाळेत राहायची, हे सगळं तिच्या जबाबात आलं. मी ते लिहून घेतलं आणि सोडून दिलं.

"दाखला कुणी बनवून दिला?" मी विचारलं.

"बनवून नाही साहेब, शाळेनं दिला. मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर भरला."

"मग तो बाकीच्यांसारखा का नाही?"

"ते मी कसं सांगू? बाकीच्यांचे मी पाहिलेले नाहीत."

दोन दिवस मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी उत्तरात काहीतरी भर घालतो, हा माझा अनुभव. या बाईने एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मात्र उलटून म्हणाली, "साहेब, एक विचारू? कागदाच्या खाली छापखान्याचं नाव आहे. तिथं जाऊन विचारलंत का तुम्ही?"

खोलीतल्या महिला शिपायाने खाली पाहिलं. मी म्हणालो, "छापखाना बंद पडलाय."

"छापखाना बंद पडला. माणसं तर असतील ना?"

मला झोंबलं. पण खरं सांगायचं तर तेवढ्यानेच मी जागा झालो. त्या दिवशी तिला घरी जाऊ दिलं आणि माझ्या हवालदाराला बरोबर घेऊन बाहेर पडलो. हा हवालदार दिंडोरीकडचा, बोलायला गावरान, पण माणसं शोधण्यात पटाईत. छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. शेजारच्या तांब्यापितळेच्या भांडीवाल्याने सांगितलं, मालक गेले, पण त्यांचे जुळारी अजून आहेत, इंदिरानगरला लेकीकडे राहतात.

जुळारी म्हणजे छापायच्या मजकुरासाठी शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हाताने जुळवणारा कामगार. आता ही जमात नाहीशीच झाली. बाबा पंच्याहत्तरीचे होते. बौद्ध कुटुंब, लेक शिक्षिका, घर लहान पण लख्ख, भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि कपाटात पुस्तकंच पुस्तकं. चहा झाला. मी पिशवीतून दाखले काढणार तेवढ्यात मला सुबुद्धी सुचली. दाखले तसेच ठेवून मी आधी विचारलं, "बाबा, सुरगाण्याकडच्या शाळेचे दाखले तुम्ही जुळवायचात का?"

"पुष्कळ शाळांचे जुळवले. दरवर्षी परीक्षा आल्या की तेच काम. आणि दरवर्षी माझी तीच पंचाईत."

"कसली?"

बाबा ओशाळं हसले. "ळ ची. आता बघा साहेब, खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचं एक घर असतं. क, र, त भरपूर लागतात म्हणून त्यांची घरं मोठी. ळ कोण एवढा वापरतो? आमच्याकडे त्या आकाराचे तीन-चारच होते. पण दाखला काढून बघा. शाळा सोडल्याचा दाखला. शाळेचे नाव. पूर्वीची शाळा. शाळेत प्रवेश. शाळा सोडल्याची तारीख. शाळा सोडताना इयत्ता. शाळा सोडण्याचे कारण. नुसता ळ, ळ, ळ. निम्म्यावर गेलो की घर रिकामं. मग दुसऱ्या पेटीतले जाड ळ घ्यायचो. मालकांना म्हणायचो, थोडे ळ आणा. ते म्हणायचे, कोण बघतंय?"

मी विचारलं, "कुठल्या ओळीपासून बदलायचा?"

"शाळा सोडल्याची तारीख. तिथपासून जाड. डोळे मिटून सांगतो, कारण तिथे आलो की दरवर्षी माझं डोकं उठायचं."

मी परिचारिकेचा दाखला काढला. 'शाळा सोडल्याची तारीख' या ओळीपासून ळ जाड होता. हवालदार माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

बाबांनी चष्मासुद्धा लावला नाही. पाचही कागद घेतले, उलटे केले आणि पाठीवरून एकेकदा अंगठा फिरवला. परिचारिकेचा बाजूला ठेवला. "हा आमचा. हे चार आमचे नाहीत."

"अंगठ्याने कसं कळलं?"

"तुम्हीच हात लावा. खिळा कागदावर दाबला जातो, त्याचा उठाव मागे येतो. इतक्या वर्षांनीही थोडा राहतो. या चारांची पाठ सपाट आहे. ही संगणकाची छपाई. काम मात्र सुंदर आहे हो, आमच्यापेक्षा सुंदर."

मी अंगठा फिरवला. बाईच्या दाखल्याची पाठ खरखरीत लागली, बाकीच्यांची गुळगुळीत. ते पाचही कागद पंधरा दिवस माझ्या टेबलावर होते आणि मी एकदाही ते उलटे करून पाहिले नव्हते. चार खोट्या दाखल्यांची फूटपट्टी करून मी एका खऱ्या दाखल्याचं माप काढत बसलो होतो. परतताना गाडीत मी हवालदाराला म्हणालो, "आज मला काही बोलू नको." तो म्हणाला, "मी कुठं काय बोललो, साहेब?"

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष बाबांचा जबाब झाला आणि कागद प्रयोगशाळेकडे गेले. हवालदाराला मी सुरगाण्याला पाठवलं, त्या शाळेत शिकलेली आणखी माणसं शोधायला. तो संध्याकाळच्या आत परत आला. "साहेब, तीन घरं फिरलो. समद्यांकडं पत्र्याच्या पेटीत दाखला हाय, आन समद्यांत दोन दोन ळ हायेत. लय काय शोधावं नाय लागलं." अर्ध्या दिवसाचं काम. पहिल्याच दिवशी ते केलं असतं तर एका बाईचं निलंबन झालं नसतं.

आता प्रश्न होता, चार खोटे केले कुणी. निनावी अर्ज पुन्हा काढला आणि या खेपेला मजकूर न वाचता अक्षरं पाहिली. ल ची पाकळी, श चा देठ, ज्ञ चं वळण, सगळं त्या चार दाखल्यांतल्यासारखं. अर्ज नुकताच आलेला आणि दाखले म्हणे वीसेक वर्षांपूर्वीचे, तरी दोन्हींत एकच फॉन्ट. आणि परिचारिकेचा दाखला वेगळा दिसतो हे अर्ज लिहिणाऱ्याला कळलं कसं? तिचा दाखला पाहायला मिळेल असा माणूस एकच, तिचं सेवापुस्तक ज्याच्या ताब्यात असायचं तो कार्यालयातला कारकून. त्या चार दाखल्यांपैकी एक त्याच्याच नावाचा होता.

कारकुनाला बोलावलं. पहिला तासभर तो कायदा शिकवत होता. मी त्याचा दाखला आणि निनावी अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि एवढंच म्हणालो, "तुमच्या मुख्याध्यापकांनी या जगातून जाऊन मग हा अर्ज टाइप केला का?" त्याने दोन्ही कागद पाहिले. मग त्याने पाणी मागितलं. पाणी मागितलं की पोलिसाने घाई करू नये. अर्ध्या तासाने त्याने गंगापूर रोडवरच्या एका डीटीपीच्या दुकानाचं नाव सांगितलं.

दुकानदार पन्नाशीचा, नीटनेटका, बोटांवर शाईचा डागही नाही. त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क पंचनामा करून जप्त केली, पण फायली पुसलेल्या होत्या. "मी गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करतो, बाकी मला ठाऊक नाही," हे त्याचं पालुपद. दरडावून तो बोलेना. दुकानात त्याने नमुन्याला लावलेल्या पत्रिका मी पाहिल्या होत्या. मी ठरवलं, याला त्याच्या कामाबद्दल बोलतं करायचं.

ठाण्यात कागदांना तोटा नसतो. लग्नपत्रिका, रक्तदान शिबिराचं पत्रक, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाचं कार्ड, मालेगावहून आलेलं उर्दू हँडबिल, एका शाळेचं इंग्रजी परिपत्रक, सगळं त्याच्यापुढे टाकलं. म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. जरा समजावून सांगा."

त्याने एकेक कागद चाळला. मग हात आपोआप लग्नपत्रिकेकडे गेला. "हे बघा साहेब, लग्नाला पाय मुरडलेलं अक्षर लागतं. तेच दशक्रियेच्या कार्डाला वापरलं तर नातेवाईक दुकानात येऊन भांडतात. हे रक्तदानवालं जाड आहे ते बरोबर, गाडीवरून जाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. उर्दू माझ्याकडे होत नाही, मालेगावहून करून आणतो. आपली अक्षरं रेघेला धरून चालतात, त्यांची ओळ तिरकी उतरत येते, ती उतरण साधली नाही तर वाचणाऱ्याला ठेचा लागतात. हे इंग्रजी चांगलं आहे, पण खाली मराठी ओळ टाकलीय ती बारीक दिसते. दोन्हींच्या अक्षराच्या मापाचा आकडा एकच ठेवला असणार. मराठीला मात्रा-उकाराची जागा लागते, ती दोन आकडे मोठी घ्यायची असते. आजकालच्यांना कोण सांगणार?"

"आणि सरकारी अर्जाला?"

"साधंच. अर्ज नटला की साहेब लोकांना शंका येते."

माणूस हुशार होता. मला तो आवडायला लागला होता, आणि पोलिसाने ते आवडणं वेळीच बाजूला ठेवायचं असतं. मी चार दाखले पुढे सरकवले. "हे ज्याने केले तो मात्र अगदीच कच्चा. ढिसाळ काम."

त्याचा चेहरा बदलला. "ढिसाळ?"

"नाही तर काय. समोर नमुना असून नीट उतरवता आला नाही. नमुन्यात ळ दोन प्रकारचे, याच्यात एकच."

"ढिसाळ नाही साहेब," तो पटकन म्हणाला. "ती नमुन्यातली चूक होती. एका कागदात दोन जातींचे ळ! मी ती दुरुस्त केली. एवढी उघडी चूक हातून कशी जाऊ द्यायची?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. माझा रायटर जबाब लिहीत होता, त्याने मान वर केली नाही. मी शांतपणे विचारलं, "नमुना कुठून आला?"

मग सगळं आलं. कारकून त्या कार्यालयात आधी रोजंदारीवर होता, कायम होण्यासाठी त्याला दाखला हवा होता, तेव्हाच त्याने परिचारिकेच्या सेवापुस्तकातून तिच्या दाखल्याची झेरॉक्स काढून आणली होती. त्या एका खऱ्या दाखल्यावरून चार खोटे तयार झाले. कोरा जुना कागद रद्दीतून आणला, शिक्के बनवले, टाकाने भरले. पुढे त्या शाळेच्या दाखल्यांची पडताळणी होणार अशी कुणकुण लागली आणि कारकुनाच्या लक्षात आलं, आपले चार सारखे आहेत, तिचा वेगळा आहे. ताडून पाहणारा चारांवरच विश्वास ठेवेल. त्याने जसं ओळखलं होतं, मी अगदी तसाच वागलो.

चौघे आणि दुकानदार, पाचही जणांना अटक झाली. प्रयोगशाळेचा अहवाल बाबांच्या अंगठ्याशी जुळला. दोषारोपपत्र गेलं. कोर्टात बचावाच्या वकिलांनी बाबांना विचारलं, इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं आठवतं? बाबा म्हणाले, "चांगलं जमलेलं काम विसरतो माणूस. न जमलेलं नाही." शिक्षा लागल्या.

खटला उभा राहण्याच्या आधीच, प्रयोगशाळेचा अहवाल येताच, परिचारिकेचं निलंबन मागे घेतलं जावं म्हणून मी स्वतः कार्यालयात जाऊन बसलो होतो. आदेश निघाल्यावर ती कोर्टाच्या परवानगीने मूळ दाखला न्यायला ठाण्यात आली. पोचपावतीवर सही केली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मी म्हणालो, "बाई, माझी चूक झाली. मला माफ करा." चार अधिकाऱ्यांसमोर म्हणालो. मला वाटलं, मी फार मोठं काही केलं.

ती म्हणाली, "इथं म्हणून काय उपयोग, साहेब? इथं मला कोण ओळखतं? मला नेलंत तेव्हा ओपीडी चालू होती. या सात महिन्यांत माझी आई बाजाराला गेलेली नाही. धाकट्या भावाची सोयरीक मोडली. ओपीडी चालू असताना या आणि तिथं सांगा."

माझ्या शेजारचा उपनिरीक्षक म्हणाला, "साहेबांना असं कसं..." मी त्याला थांबवलं. मंगळवारी येतो म्हणून सांगितलं.

मंगळवारी गणवेश घालून सुरगाण्याच्या घाटाने गेलो. रांग तशीच होती, पन्नासेक बायका, लेकरं, दोन-चार म्हातारे. ती आत टेबलाशी बसून एका पोराला इंजेक्शन देत होती, उठली नाही. मी व्हरांड्यात उभा राहिलो. मोठमोठ्या बंदोबस्तात माइकवरून बोललेला माणूस मी, पण इथे टोपी काढून हातात घेतली. म्हणालो, "या बाईंचा दाखला खरा आहे. यांनी काहीही खोटं केलेलं नाही. चूक पोलिसांची होती, म्हणजे माझी होती. ती सांगायला आलोय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांगेतली एक म्हातारी नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "आमाला ठावं व्हतं, सायेब. ही आन माझी पोर एकाच बाकावर बसत. तुमी कोनाला इचारलंच नाय."

मी मान डोलावली. त्या प्रकरणाची फाईल वीतभर जाड होती. नवीन अधिकारी कधी भेटले, तपासाबद्दल काही विचारलं, की मी त्यांना बाबांचा अंगठा सांगतो, दोन ळ सांगतो, ते सगळ्यांना आवडतं. त्यानंतर त्या म्हातारीचं सांगतो. तिच्यासारख्या पन्नास जणी त्या पाड्यावर होत्या, आणि सुरुवातीच्या त्या पंधरा दिवसांत मी त्यांच्यातल्या एकीचाही जबाब घेतला नव्हता.